फाडण्यासाठी शिवलेले

मास्तरांच्या दुकानात कापड कापले जाई, उसवले जाई, प्रसंगी उलटवून पुन्हा शिवलेही जाई; परंतु फाडले मात्र कधीही जात नसे. असा नियम कुठे लिहून लावलेला नव्हता. ठाण विकणारे दुकानदार ज्या सहजतेने कडेला चीर देऊन टर्रकन कापड वेगळे करतात, ती सहजता पाहिली की मास्तर तोंड फिरवीत. चाळीस वर्षे सुईदोऱ्याच्या संगतीत गेल्यावर तो आवाज त्यांना कुणीतरी कळवळून ओरडावे तसा ऐकू येत असे.

तळमजल्यावर दुकान, त्यामागे दोन खोल्या आणि मागच्या दाराबाहेर फरशी घातलेले बेताचे अंगण, एवढा त्यांचा पसारा. पत्नी निवर्तल्यापासून थोरली बहीण त्यांच्याकडे राहायला आली होती. काज करणे, बटणे लावणे, अस्तराला हातशिलाई घालणे आणि धाकट्या भावाला दिवसातून चार वेळा जमिनीवर आणणे ही कामे ताईंनी आपणहून अंगावर घेतली होती आणि त्यांपैकी एकातही त्यांनी कधी कुचराई केली नव्हती.

या घरात ठिगळ्या आला तो एका जुन्या गिऱ्हाइकाच्या आग्रहामुळे. ते गृहस्थ दूरदेशी निघाले होते, कुत्र्याला नेणे शक्य नव्हते. काळापांढरा, पायांचा हलका, दीड वर्षाचा जीव. उजव्या डोळ्याभोवती तपकिरी डाग असा, की उरलेल्या कापडातून कुणी घाईघाईने ठिगळ लावले असावे. मास्तरांनी त्याचे नाव जागच्या जागी ठेवले. ताई म्हणाल्या, “नाव तर ठेवलंस. आता वळण लाव.”

वळण लागण्यापूर्वीच तो प्रसंग घडला. वकीलबाईंचा काळा कोट ट्रायलसाठी खुंटीवर टांगला होता. ठिगळ्याने त्याची बाही दातांत धरली, मास्तरांनी कॉलर धरली, आणि काचेबाहेर उभ्या राहिलेल्या तीन वाटसरूंच्या देखत दोघांची ओढाओढ सुरू झाली. मास्तर जितके ओढीत तितका ठिगळ्या मागे रेटा देई. त्याच्या डोळ्यांत अपराधाचा लवलेश नव्हता, होता तो निखळ आनंद. शेवटी अस्तर खांद्यापासून घेरापर्यंत फाटत गेले. तो आवाज ऐकून मास्तर मटकन स्टुलावर बसले.

दुपारी ताईंनी चष्मा काढून मेजावर ठेवला. चष्मा निघाला की बोलणे गंभीर असणार, हे मास्तरांना लहानपणापासून ठाऊक होते.

“बाळ, आता पुरे झालं.”

“लहान आहे गं तो.”

“लहान? माणसाच्या हिशेबाने एव्हाना त्याचं लग्न झालं असतं.”

“रिकामा आहे तो, ताई. त्याच्या अंगात काम आहे आणि हाताला काम नाही.”

“हात नाहीतच त्याला, दातच आहेत. आणि ते कामात आहेत.” ताईंनी फाटके अस्तर उचलून भावासमोर धरले. “दातात धरलेली वस्तू जो सोडत नाही, तो शिंप्याच्या घरात राहू शकत नाही. गावाबाहेर त्या रोपवाटिकेवाल्याकडे मोठं आवार आहे. तो घ्यायला तयार आहे. मी विचारून ठेवलंय.”

ताईंनी एखादी गोष्ट विचारून ठेवली की ती निम्मी पार पडलीच, असा त्या घराचा अनुभव होता. परंतु मास्तरांचा आवाज डळमळला नाही.

“मला तीन महिने दे. नदीपलीकडच्या मैदानावर कुत्र्यांच्या चपळाईचा वर्ग चालतो. शेवटी परीक्षा असते. त्याला शिकवतो आणि उत्तीर्ण झाल्याचा कागद तुझ्या हातात ठेवतो.”

“आणि कागद नाही मिळाला तर?”

“तर मी स्वतः त्याला रोपवाटिकेत पोहोचवून येईन. पण मिळेल. माझ्या हातून अर्धवट काम बाहेर गेलंय कधी?”

“आज एक कोट जाणार होता,” असे म्हणून ताईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

मैदानावरच्या बाई पूर्वी शाळेत कवायत शिकवीत असत. उंच, सडपातळ, गळ्यात शिट्टी. ती त्या कधीच वाजवीत नसत, कारण त्यांच्या आवाजापुढे तिची गरजच पडत नसे. त्यांनी मास्तरांना एकेक अडथळा दाखवला. उडी मारण्याचे आडवे दांडे, कापडी बोगदा, छपरासारखी दोन्ही बाजूंनी उतरती फळी, मधोमध टेकू असलेला सीसॉ, आणि बारा उभ्या खांबांची रांग. या खांबांतून कुत्र्याने एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असे नागमोडी निघायचे होते.

“हा धावदोरा झाला,” मास्तर म्हणाले.

“काय झाला?”

“एकदा वर, एकदा खाली. सुई निघते तशी.”

बाईंना हे मास्तर आवडले. त्यांनी मूळ तत्त्व सांगितले ते असे: हे सारे कुत्र्याला जबरदस्तीने करवता येत नाही. त्याने एखादे काम बरोबर केले की त्याच क्षणी त्याला काहीतरी हवेहवेसे मिळाले पाहिजे. काय मिळावे, हे मात्र कुत्रा ठरवतो. “तुमच्या मनातलं बक्षीस त्याला बक्षीस वाटलं पाहिजे. नाहीतर ते नुसतं तुमचं औदार्य.”

प्रथम खाऊ झाला. उकडलेल्या मांसाचे नखाएवढे तुकडे मास्तर खिशात घालून नेत. ठिगळ्या उडी मारी, येई, तुकडा घेई, आणि रुग्णाने औषधाची गोळी गिळावी तसा तो गिळून दुसरीकडे पाहू लागे. तिसऱ्या दिवशी त्याने एक तुकडा तोंडात घेऊन, विचार करून, गवतावर परत ठेवला.

“हा खाण्यासाठी जगणाऱ्यांतला नाही,” बाई म्हणाल्या. “याला आवडतं काय?”

“कापड,” मास्तर तात्काळ उत्तरले. “तोंडात धरायला आणि ओढायला.”

“मग प्रश्नच मिटला. तुम्ही शिंपी आहात.”

मास्तर त्या दिवशी घरी परतले ते तरंगतच. रात्रीच्या जेवणापूर्वी त्यांनी खेळणे कापले आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांची कामे बाजूला सारून शिवले. करड्या लोकरी कापडाच्या तीन पट्ट्या, प्रत्येकीच्या आत कॅनव्हासचे अस्तर, कडांना दुहेरी टीप, तिन्हींची घट्ट वेणी आणि टोकाला पंजात नेमकी बसेल अशी मूठ. मुठीच्या जोडावर त्यांनी हाताने असे बारीक टाके घातले, की ताईंनी ते भिंगाखाली धरून पाहिले आणि काही न बोलता परत दिले. ताईंचे मौन म्हणजे पहिला क्रमांक.

मैदानावर ठिगळ्याने ते खेळणे पाहिले आणि त्याचे दोन्ही कान उभे राहिले. उडी मारून आल्यावर मास्तरांनी ते पुढे करताच त्याने झडप घातली. मास्तरांनी ओढले, ठिगळ्याने ओढले, गुरगुर झाली, शेपूट वर्तुळात फिरू लागले. एवढ्यात वेणीचा एक पदर मास्तरांना ताणलेला दिसला. त्यांनी दोन बोटांनी चपळाईने कुत्र्याचा जबडा उघडून खेळणे काढून घेतले, उजेडाकडे धरून टीप तपासली, ओल पुसली आणि ते खिशात ठेवले. मग समाधानाने म्हणाले, “शाबास! आता पुढची उडी.”

असे महिनाभर चालले. प्रत्येक खेळ संपल्यावर मास्तर घरी येऊन खेळणे धूत, सावलीत वाळवीत, सैल झालेला टाका पुन्हा घालीत. एका महिन्यानंतरही ते नव्यासारखे दिसत होते. ठिगळ्या मात्र दिवसेंदिवस जुना दिसू लागला. उड्या तो मारी, पण चालत येऊन. खांबांच्या रांगेत तो मध्येच थांबून मास्तरांच्या खिशाकडे पाही, उसासा टाकी आणि कुंपणाशी जाऊन हुंगत बसे. एकदा तर मास्तरांनी खेळणे पुढे केल्यावर त्याने ते अगदी अदबीने ओठांनी धरले, जणू दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली असावी.

बाई तारेच्या कुंपणाला टेकून हे पाहत होत्या. त्या जवळ आल्या.

“मास्तर, हे खेळणं कुणाचं?”

“ठिगळ्याचं.”

“मग आजपर्यंत ते त्याच्याकडे किती वेळा राहिलं?”

“राहिलं म्हणजे?”

“तुम्ही ओढलंत, त्याने ओढलं आणि शेवटी तो जिंकला. असं किती वेळा झालं?”

मास्तरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. “शिवण उसवेल म्हणून मी वेळीच काढून घेतो.”

“वेळीच!” बाई मोठ्याने हसल्या. पलीकडच्या दोन कुत्र्यांनी वळून पाहिले. “तुम्ही कुत्र्याशी खेळता की खेळण्याची राखण करता? असं बघा. गिऱ्हाइकाने तुमचा कोट अंगात घातला, आरशापुढे जरा वळला, आणि तुम्ही मळेल म्हणून लगेच उतरवून कपाटात ठेवलात. चार वेळा असं झाल्यावर तो पाचव्यांदा येईल का?”

“येईल,” मास्तर ठामपणे म्हणाले. “शिलाई तशी आहे माझी.”

“गिऱ्हाईक येईल. कुत्रं येणार नाही. त्याला दुसरे उद्योग आहेत.” मग त्यांचा स्वर मऊ झाला. “त्याला त्या वस्तूचा शेवट हवा असतो, मास्तर. तो शेवट रोज तुम्ही स्वतःकडे ठेवून घेता. त्याने धावायचं कशासाठी?”

परीक्षेला सात आठवडे उरले होते. ठिगळ्या कुंपणाशी पाठमोरा बसला होता, आणि त्या पाठीचा मजकूर वाचायला बाईंची गरज नव्हती.

दुकानाच्या सुटीच्या दिवशी, दुपारी, मास्तर अंगणात फरशीवर मांडी घालून बसले. समोर उरलेल्या कापडाच्या कतरणीची टोपली होती. तिच्यातून त्यांनी जाड सुती कापडाची हातभर लांब पट्टी काढली, दोन्ही हातांत धरली, आणि बराच वेळ ते तसेच बसून राहिले. ठिगळ्या दारात पाय पसरून पडला होता. मास्तरांनी कात्रीने कडेला एक चीर दिली. एक टोक त्यांनी ठिगळ्यापुढे सरकवले. त्याने ते नेहमीच्या अदबीने ओठांत धरले. मास्तरांनी डोळे मिटले आणि ओढले.

टर्र.

ठिगळ्याने डोके एका बाजूला कलते केले. त्याने तोंडातल्या तुकड्याकडे पाहिले, मास्तरांच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर असे काही उजाडले, की मास्तरांना एक जुनी गोष्ट आठवली: आपण शिकाऊ असताना उस्तादांनी पहिल्यांदा कात्री आपल्या हाती दिली, तेव्हा आपलाही चेहरा असाच झाला असणार. त्यांनी दुसरी पट्टी घेतली. टर्र. तिसरीच्या वेळी ठिगळ्या उडी मारून आला. पाचवीच्या वेळी मास्तर गुडघ्यांवर होते, त्यांचा चष्मा फरशीवर होता आणि ते स्वतः गुरगुरत होते.

ताई मागच्या दारात आल्या. अंगणभर चिंध्या, मधोमध साठी उलटलेला भाऊ चार पायांवर.

“तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?”

“मी अभ्यास करतोय.”

“तो दिसतोच आहे. दात सांभाळ. तुझे म्हणतेय मी, त्याचे नाही.”

त्यानंतर मास्तरांनी वेगळी खेळणी शिवायला घेतली. ही शिवतानाच त्यांनी मनाशी कबूल केले होते, की ही टिकण्यासाठी नाहीत. साधी एकेरी टीप, कतरणीची वेणी, मूठ तेवढी भक्कम. ठिगळ्याने ती उसवावी, ओरबाडावी, जिंकून अंगणभर मिरवावी. मास्तरांनी हरावे आणि पुन्हा बोलवावे. आश्चर्य असे, की जिंकलेले खेळणे घेऊन ठिगळ्या पळून जात नसे. दोन फेऱ्या मारून तो परत येई आणि ते मास्तरांच्या गुडघ्यावर आपटी, कारण एकट्याने ओढण्यात काय गंमत!

मग सोडण्याचा धडा आला, आणि हा धडा मास्तरांनी इतक्या बारकाईने घेतला, की जणू एखाद्या शास्त्राचा ग्रंथच लावत असावेत. ओढाओढ ऐन रंगात आली की ते मूठ मांडीशी टेकवून हात निश्चल करीत. खेळणे मेल्यासारखे होई. मग हलकेच म्हणत, “दे.” ठिगळ्या काही वेळ धरून राही, वाट पाही, कंटाळे आणि जबडा सैल करी. तो सैल झाला त्याच निमिषाला मास्तर ओरडत, “घे!” आणि खेळणे पुन्हा जिवंत होऊन उसळे. सोडले की मिळते, हा उलटा व्यवहार त्या दोन कानांमध्ये उतरायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी मास्तरांनी “दे” म्हटले मात्र, ठिगळ्याने तोंड उघडून एक पाऊल मागे घेतले आणि तो चमकत्या डोळ्यांनी पुढच्या शब्दाची वाट पाहू लागला.

मैदानावर याचा परिणाम दिसायला आठवडाही लागला नाही. बाईंनी आणखी एक गोष्ट शिकवली: बक्षीस हातातून द्यायचे नाही, जिकडे धावायचे तिकडे टाकायचे. खांबांच्या रांगेतून ठिगळ्या शेवटच्या खांबाबाहेर नाक काढतो न काढतो, तोच खेळणे त्याच्या पुढे, सरळ रेषेत, गवतावर पडलेले असे. त्यामुळे त्याची नजर खिशावरून उठून वाटेवर लागली. मास्तरांचा हात नेमका होता. चाळीस वर्षे खडूची खूण जागेवरच पडावी म्हणून जो जपला, तोच हात आता अर्धा क्षण लवकर नाही, अर्धा क्षण उशिरा नाही, असा खेळणे फेकी. बाई इतरांना म्हणत, “मास्तरांचं बघा. कुत्रा काय करतो ते नंतर बघा, आधी हात बघा.”

मास्तरांनी हे ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि घरी येऊन ताईंना तीन वेळा सांगितले.

परीक्षेच्या दिवशी ताई विणकामाची पिशवी घेऊन मैदानाभोवती बांधलेल्या दोराबाहेर खुर्चीवर बसल्या. “मी फक्त कागद घ्यायला आलेय,” त्यांनी आल्या आल्या जाहीर केले. पांढऱ्या टोपीच्या परीक्षकांनी नियम वाचून दाखवले. प्रत्येक कुत्र्याला दोन फेऱ्या. दोन्हींपैकी एकीत सारे अडथळे निर्धारित वेळेत पार झाले की उत्तीर्ण. फेरीत खाऊ नको, खेळणे नको. कुणाला हवेच असेल तर आधी सांगून खेळणे नेता येईल. मात्र ती फेरी सरावाची मानली जाईल, तिचे गुण धरले जाणार नाहीत. मास्तरांनी खेळणे बाईंच्या हवाली केले. ठिगळ्या त्याविनाही धावेल, अशी त्यांना खात्री होती.

पहिली फेरी सुरू झाली आणि ठिगळ्याने मैदान ताब्यात घेतले. तीन उड्या, बोगदा, उतरती फळी. खांबांतून तो असा निघाला की रांगेच्या टोकाला उभ्या एका प्रेक्षकाने नकळत टाळी वाजवली. मग सीसॉ. तो मैदानावरचा नेहमीचा नव्हता, परीक्षेसाठी बाहेरून आणला होता, आणि त्याचे पलीकडचे टोक गवताऐवजी एका उघड्या दगडाच्या बरोबर वर आले होते. ठिगळ्या मध्यापार गेला, फळी खाली गेली आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. तो मधूनच बाजूला उडाला, पोट जमिनीला टेकवून थरथरत उभा राहिला. मास्तरांनी बोलावले, तो आला. फळीशी नेले, त्याने मान फिरवली. पुन्हा नेले, त्याने पुन्हा मान फिरवली. परीक्षकांनी हात वर केला. फेरी बाद झाली.

दुसऱ्या फेरीला तासभर अवकाश होता. दगड काढून सीसॉ सरकवण्यात आला. बाई मास्तरांच्या शेजारी गवतावर येऊन बसल्या. ठिगळ्या मास्तरांच्या बुटांवर हनुवटी ठेवून पडला होता. त्याची कातडी अधूनमधून आपोआप थरथरत होती.

“खरं सांगा, बाई. दुसऱ्या फेरीत मी जरा आवाज चढवला, तर तो फळीवर चढेल?”

बाईंनी कुत्र्याला नीट न्याहाळले. “चढेल. तुमच्या शब्दाखातर शेपूट पोटात घालून चढेल आणि उतरेलही. वेळ त्याच्याकडे भरपूर आहे. उत्तीर्ण व्हाल.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर सीसॉ दिसला की त्याला तुमचा तो आवाज आठवेल.”

मास्तरांनी दोराकडे पाहिले. ताई विणत होत्या. कागद हातात येण्याजोगा होता, फक्त एकदा आवाज चढवायचा होता, आणि ठिगळ्या घरात राहणार होता. कागद नसेल तर काय, हेही त्यांनीच कबूल केलेले होते. त्यांनी ठिगळ्याच्या कानामागे बोटे घातली; कान थंडगार होते. मग ते उठले, सदरा झटकला, आणि ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाला बाहीची लांबी सांगावी तितक्या स्वच्छ आवाजात परीक्षकांना म्हणाले, “आम्ही खेळणं घेऊन जाणार.”

“गुण धरले जाणार नाहीत, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

बाईंकडचे खेळणे घ्यायला मास्तर मागे वळले तेव्हा त्या ताईंच्या खुर्चीशी वाकून काहीतरी सांगत होत्या, आणि ताईंच्या सुया थांबल्या होत्या.

मास्तरांनी या फेरीत उड्या घेतल्याच नाहीत. ते ठिगळ्याला सरळ सीसॉपाशी घेऊन गेले आणि तिथे, फळीपासून चार पावलांवर, खेळणे काढून गुडघ्यांवर बसले. ओढाओढ सुरू झाली. आधी ठिगळ्या अर्ध्या मनाने ओढत होता. मास्तर हरले, कळवळले, पुन्हा हरले. हळूहळू दोघे फळीकडे सरकत गेले. मग मास्तरांनी वर उचललेले टोक हाताने धरून जमिनीपासून वीतभर उंचीवर आणले, आणि ठिगळ्याचा पंजा चुकून त्याच्यावर पडला. ठक्. “घे!” खेळणे उसळले. ठिगळ्या थबकला. आवाज आपल्याच पंजाने झाला, आणि त्यातून खेळणे बाहेर आले? त्याने मुद्दाम पंजा मारला. ठक्. खेळणे. आता दोन्ही पंजे. ठक्क्! चौथ्या वेळी मास्तरांनी टोक पुरते वर सोडले. ठिगळ्याने झेप घेऊन ते दणकन खाली आपटले आणि स्वतःच्या पराक्रमाने चकित होऊन भुंकला. दोराबाहेर हशा पिकला. कुत्रा तो बार स्वतः उडवीत होता, आणि पुन्हा पुन्हा उडवायला धावत होता.

वेळ संपत आली. परीक्षकांनी खूण केली तेव्हा खेळ ऐन भरात होता. ठिगळ्या चारही पाय रोवून, मान झटकत, गुरगुरत ओढत होता, एका पदराची वीण सुटून दोरे लोंबत होते. मास्तरांनी हात मांडीशी टेकवला.

“दे.”

तोंड उघडले. ठिगळ्या एक पाऊल मागे सरून उभा राहिला.

“घे,” मास्तर म्हणाले, आणि खेळणे तोंडात मिरवणाऱ्या कुत्र्यामागून ताठ मानेने बाहेर आले.

ताई दोराशी उभ्या होत्या. चष्मा हातात होता.

“कागद?”

“नाही मिळाला.”

“बाई म्हणाल्या, मिळत होता.”

“मिळत होता. तो भ्यायला होता, ताई. भ्यालेल्याला हुकूम देऊन कागद आणला असता, तर मीच खोटा ठरलो असतो.” मास्तरांनी ठिगळ्याच्या पाठीवर हात ठेवला. “मी शब्द पाळीन. उद्या रोपवाटिकेत सोडून येतो त्याला. फक्त त्या माणसाला हे खेळायचं कसं ते मी शिकवून येईन, त्याला थोडा वेळ लागेल.”

ताईंनी कुत्र्याकडे पाहिले, लोंबत्या दोऱ्यांकडे पाहिले.

“एवढा चवताळून ओढत होता, आणि तू नुसतं ‘दे’ म्हणालास.”

“हो.”

“मला कागद कशाला हवा होता? तो धरलेलं सोडतो की नाही, हे कळायला. उड्यांशी मला काय करायचंय!” त्यांनी विणकामाची पिशवी खुर्चीवर ठेवली. “पण तुझं तो ऐकणारच. माझं ऐकतो का बघू दे.”

ताईंनी वाकून खेळण्याची मूठ धरली. ठिगळ्याने एक हिसका दिला तशा त्या दोन पावले पुढे खेचल्या गेल्या. “अरे, बाप रे! केवढा जोर आहे याला!” मास्तरांनी मुद्दाम पाठ फिरवली, आपल्या चेहऱ्यावरून कुत्र्याला काही कळू नये म्हणून. त्यांना खात्री होती, तरी मुठी आवळल्या गेल्याच.

“दे,” मागून ताईंचा आवाज आला.

गुरगुर थांबली. मास्तर वळले. ताईंच्या हातात ओली, विरलेली वेणी होती आणि समोर ठिगळ्या, एक पाऊल मागे, शेपटीच्या टोकापर्यंत उत्सुक.

“सोडलं की रे!” ताई म्हणाल्या. “आता काय करायचं?”

“आता परत द्यायचं.”

“परत? आत्ताच तर घेतलं.”

“म्हणूनच.”

ताईंनी भावाकडे असे पाहिले, की या वयात हा आपल्याला काय शिकवणार. आणि खेळणे पुढे केले. ठिगळ्याने झडप घातली.

“पुढची परीक्षा केव्हा असते?” त्यांनी टाचा रोवीत विचारले.

“चार महिन्यांनी.”

“रोपवाटिकेवाल्याला मी घरी गेल्यावर फोन करते. म्हणावं, नाही येत आमचा कुत्रा.” एवढे बोलेपर्यंत त्यांना दुसरा हातही मुठीला लावावा लागला. वेणीचा मधला पदर ताणून ताणून अखेर टर्रकन गेला. मास्तरांनी तोंड फिरवले नाही.